गळ्याचं गणित, कानाचा कौल

गळ्याला बोटं लावा बघू सगळ्यांनी. कंठमण्यावर, हलकेच. आता 'स्स्स' असा लांब आवाज काढा. बोटांखाली काही हललं? नाही. आता 'झाड'मधला 'झ' ओढा, 'झ्झ्झ'. आल्या ना झिणझिण्या बोटांना? जीभ दोन्ही वेळी त्याच जागी होती, दातही तसेच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी गळ्यातले दोन स्वरतंतू थरथरत होते. माझ्यासारख्या बाप्याच्या गळ्यात ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात, तुमच्या आजीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास आणि सोनू, तुझ्या गळ्यात तीनशेच्या घरात.

आता दुसरी गंमत. एकच सूर धरा आणि तो न सोडता 'आ'वरून 'ई'वर या. सूर तोच राहिला, मग बदललं काय? तोंडातल्या पोकळीचा आकार. आणि आता तिसरी. कुजबुजत म्हणा, 'आजी, कैरी दे.' आता गळ्यात थरथर नाही, तरी आजीला बरोब्बर कळलं, बघा कशी वळून पाहतेय. म्हणजे आपल्या बोलण्यात दोन खाती आहेत. खालचं खातं आवाज पुरवतं आणि वरचं त्याला अक्षराचा आकार देतं. खालच्याने सुट्टी घेतली तरी वरच्याचं काम चालूच राहतं.

हे सगळं निसर्गाने केवढ्याशा जागेत बसवलंय! स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत मोठ्या माणसाची नळी साधारण 17 सेंटिमीटर, तुझ्या कंपासमधल्या पट्टीहून जराशी लांब. जीभ, ओठ, जबडा आणि टाळूचा मागचा मऊ भाग मिळून या नळीचा आकार सारखा बदलत राहतात, आणि त्यातून आपली अख्खी बाराखडी बाहेर पडते. 'म्म्म' म्हणता म्हणता नाक दाबून बघा. आवाजच बंद! ओठ मिटलेले, त्यामुळे हवेला नाकाचीच वाट होती.

पण जीभ कितीही चुरूचुरू चालली तरी ती शेवटी स्नायूच. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ती फारशी हलू शकत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

गोष्ट कानपूरच्या एका मुलाची. जन्म 1933चा. नाव बिष्णू अटल.

"अटल म्हणजे वाजपेयी का, आजोबा?"

नाही रे, इथे अटल हे आडनाव. तुझा दोष नाही म्हणा. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याचं नाव आपल्याला पाठ असतं, पण ज्याच्या कामाचा अंश रोज आपल्या फोनमधून जातो त्याचं नाव कुणी सांगत नाही. हा मुलगा लखनौ विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला, 1952 साली पदवीधर झाला आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेला. तिथे शिकला, पुढे काही वर्षं तिथेच ध्वनिशास्त्र शिकवलं. मग 1961 साली अमेरिकेत न्यू जर्सीला गेला, बेल लॅबोरेटरीजमध्ये. टेलिफोन कंपनीची ती प्रयोगशाळा. ट्रान्झिस्टरचा जन्म तिथलाच.

मी टेलिफोन खात्यात उमेदवारी करत होतो तेव्हा आमचे साहेब बेल लॅब्जचं नाव पंढरपूरचं घ्यावं तसं घ्यायचे.

तिथे अटल यांना वरिष्ठ भेटले मानफ्रेड श्रोडर. जर्मनीतल्या गॉटिंगेनचा माणूस, बुद्धीने तल्लख आणि गणितात रमणारा. दोघांचं सुरुवातीचं एक मोठं काम टेलिफोनचं नव्हतंच. न्यूयॉर्कमध्ये 1962 साली फिलहार्मोनिक हॉल नावाचं नवंकोरं संगीत सभागृह उघडलं. एवढा पैसा ओतलेला, शहराची शान. आणि पहिल्या मोसमापासून जाणकारांची ओरड, की इथे खर्जाचे सूर ऐकूच येत नाहीत. मग बेल लॅब्जच्या लोकांना बोलावलं. श्रोडर, अटल आणि त्यांचे दोन सहकारी सेस्लर आणि वेस्ट. (या दोघांनी शोधलेल्या मायक्रोफोनचे वंशज पुढे कोट्यवधी फोनांत बसले, पण ती गोष्ट वेगळी.) त्यांनी सभागृहात आवाजाचे छोटे तुकडे सोडले, जागोजागी त्यांचे पडसाद टिपले आणि संगणकाला मोजायला लावले. त्या काळात ही मोठीच अपूर्वाई होती. तेव्हा कळलं, की छताखाली टांगलेले फलक आवाज खाली परतवायला लावले होते खरे, पण ते पडले लहान. खर्जाच्या लहरी लांब असतात. त्या फलकांना वळसा घालून वर निघून जात होत्या. श्रोत्यांच्या वाट्याला यायच्या त्या फक्त वरच्या सुरांच्या लहरी. ते सभागृह शेवटी 1976 मध्ये आतून पूर्ण पाडून पुन्हा बांधावं लागलं.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार आवडते. आधी तक्रार केली ती कानांनी. मोजपट्टी मागून आली आणि कानाचं खरं होतं एवढंच तिने सांगितलं. अटल यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामात ही शिस्त दिसते.

आता टेलिफोनकडे वळू. माणसाचा आवाज आकड्यांत पाठवायचा तर तेव्हाचा हिशोब असा होता: सेकंदाला 8000 वेळा लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक मापाला 8 बिट द्यायचे. झाले सेकंदाला 64,000 बिट. एका माणसाच्या एका सेकंदाच्या 'हॅलो'ला! आणि तारा तर सोन्याच्या मोलाच्या. अटलांटिक महासागराखालून 1956 साली पहिली टेलिफोन केबल पडली, तिच्यातून एका वेळी जेमतेम तीन डझन संभाषणं जात. अख्ख्या दोन खंडांमध्ये तीन डझन! आणि आपल्याकडे मुंबईचा ट्रंक कॉल बुक करून माणसं जेवून, वामकुक्षी काढून परत यायची. तेव्हा आवाजाचं ओझं कमी कसं करायचं, हा प्रश्न जगभरच्या टेलिफोनवाल्यांच्या डोक्यात घोळत होता.

मुक्ता, तू शाळेतून आलीस आणि दारातून 'आई, मला' एवढं म्हणालीस, की पुढचं 'भूक लागली' मला इथे बसून कळतं. मग ते तू मला सांगायची गरज काय? पण एखाद दिवशी 'आई, मला बक्षीस मिळालं' असं असेल तर ते मात्र सांगावंच लागेल. अंदाजात बसतं ते पाठवू नये, अंदाज चुकतो तेवढंच पाठवावं. अटल आणि श्रोडर यांनी 1966-67 मध्ये आवाजाच्या लहरीला हाच न्याय लावला. मागची दहा-बारा मापं हातात असतील तर पुढचं माप काय येईल हे बऱ्यापैकी सांगता येतं, कारण गळ्याची नळी मनमानी करू शकत नाही. तिला तिचा आकार आहे, तिचा घुमारा आहे. मग तारेवरून पाठवायचं काय, तर अंदाज आणि खरं माप यांतला फरक. तो असतो चिमुकला, त्याला बिट लागतात थोडे. पलीकडचं यंत्र त्याच नियमाने अंदाज करतं, त्यात हा फरक मिसळतं आणि आवाज पुन्हा उभा राहतो. याला म्हणतात लिनिअर प्रेडिक्शन. शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत रेषीय भाकीत.

"पण जीभ हलली की अंदाज चुकणारच ना?"

शाबास. म्हणून अंदाजाचा नियमही बदलावा लागतो. पण किती वेळा? जीभ सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारशी हलत नाही, म्हणाला होतो ना? सेकंदाला पन्नासेक वेळा नवा नियम कळवला की भागलं. नियम म्हणजे तरी काय, दहा-बारा आकडे. मागच्या मापाला किती महत्त्व द्यायचं, त्याच्या मागच्याला किती, असे.

आणि आता खरी नवलाची गोष्ट. हे आकडे मिळवताना गळ्यात कुणी काही घातलं नव्हतं, क्ष-किरण लावले नव्हते. नुसती बाहेर आलेली लहर घेऊन बेरजा-गुणाकार केले होते. पण अटल आणि सुझान हनाउर यांनी 1971च्या निबंधात दाखवलं, की या आकड्यांतून गळ्याच्या नळीचं चित्र काढता येतं. एकापुढे एक ठेवलेल्या लहान-मोठ्या नळकांड्यांची एक नळी कल्पायची; कुठे ती रुंद, कुठे अरुंद, हे त्या आकड्यांत लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास जपानात फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो हे दोघे वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले होते. एकमेकांची खबर नसताना. निसर्गातली गोष्ट खरी असली, की ती दोन दारांनी आत येते.

हे सगळं करताना अटल नोकरी सांभाळून ब्रुकलिनला शिकतही होते. त्यांना 1968 साली पीएच.डी. मिळाली. विषय होता बोलणारा कोण हे यंत्राने ओळखावं कसं. सुरांचा चढउतार प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यावरून. आई फोनवर नुसतं 'काय गं' म्हणाली तरी तुम्ही ओळखता, ते जमवायला यंत्राला किती घाम गाळावा लागला!

लोकांच्या कानांवर हे तंत्र पहिल्यांदा कसं आलं, सांगू? खेळण्यातून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1978 साली 'स्पीक अँड स्पेल' नावाचं एक लाल-नारिंगी खेळणं काढलं. ते इंग्रजी शब्द उच्चारायचं आणि मुलांनी त्याचं स्पेलिंग बटणांनी करायचं. आत टेपही नाही, तबकडीही नाही. नखाएवढ्या चिपमध्ये हे रेषीय भाकीत बसवलेलं, दहा आकड्यांची नळी. 'ई.टी.' सिनेमात तो परग्रहावरचा जीव घरी निरोप धाडायला जे खटलं जोडतो, त्यात हेच खेळणं आहे.

पण त्या खेळण्याचा आवाज ऐकलात तर म्हणाल, हा काय माणूस आहे? नाकात बोलणारा, भणभणणारा. खेळण्यात चालून जातं. फोनवर सासूबाई अशा बोलल्या तर सून घाबरेल! दोष नळीत नव्हता, खालच्या खात्यात होता. यंत्र म्हणायचं, एक तर स्वरतंतू थरथरतायत, नाही तर नुसती हवा सुटतेय, मधलं काही नाही. खरा गळा असा चोख नसतो. त्यात घोगरेपणा असतो, धाप असते, सर्दी असते.

इथे अटल यांनी गळ्याकडून कानाकडे मोर्चा वळवला. आपला कानही काही कमी अजब नाही. आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळी आहे आणि तिच्यात साधारण 35 मिलिमीटर लांबीचा एक पडदा. बारीक, वरचे सूर त्याच्या दाराशी हलतात. खर्जाचे सूर पार आतल्या टोकाला. आता एखादा मोठा सूर एका जागी पडदा जोरात हलवू लागला, की शेजारचा लहानसा सूर तिथे असूनही नसल्यासारखा होतो. आजी मिक्सर लावते तेव्हा तिच्याच बांगड्या तिला ऐकू येत नाहीत. बांगड्या वाजायच्या थांबलेल्या नसतात.

बिट वाचवले की आवाजात खरखर येणार, हे कुणालाच चुकत नाही. तोवर सगळे ती खरखर एकूण किती हे मोजत आणि ती कमी करायला धडपडत. अटल आणि श्रोडर यांनी 1979 मध्ये वेगळाच प्रश्न विचारला. खरखर कुठे ठेवली तर कानाला कळणार नाही? बोलण्याच्या लहरीत काही सूरपट्टे दणदणीत असतात, मधे काही पोकळ जागा. खरखर पोकळ जागेत पडली, की टोचते. दणदणीत पट्ट्यांखाली सारली, की कान तिला ओळखत नाही. मजा बघा, अशी सारवासारव केली की मोजपट्टीवर खरखर वाढलेली दिसते, पण ऐकणारा म्हणतो आवाज सुधारला! अटल यांच्या सगळ्या कामात मला हे मोठं वाटतं. भाकिताचं गणित आज ना उद्या कुणी तरी केलंच असतं, जपानात केलंच. पण इंजिनिअर माणसाने आपल्या मीटरवरची वाईट खूण पत्करून कानाचा कौल शिरोधार्य मानणं, हे सोपं नाही. आमच्या खात्यात तर मीटर हिरवा आहे म्हटलं, की तक्रारदार गप्प!

मग 1985 साली दोघांनी शेवटचा डाव टाकला. खालच्या खात्याचा आवाज, म्हणजे अंदाजातून सुटलेला तो चिमुकला फरक, आपण तयारच ठेवू. यदृच्छेने बनवलेले 1024 तुकडे, प्रत्येक तुकडा 40 मापांचा, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. अशी एक पोथी बोलणाऱ्याकडे, तंतोतंत तशीच ऐकणाऱ्याकडे. यंत्राने एकेक तुकडा नळीतून घालून बघायचा, आणि कानाला सगळ्यांत जवळचा वाटेल असा जो असेल त्याचा फक्त क्रमांक पाठवायचा. 1024 पर्यंतचा क्रमांक 10 बिटांत मावतो. चाळीस मापांना दहा बिट! चौसष्ट हजारांवरून आपण सेकंदाला पाच हजारांच्या आत आलो, आणि आवाज माणसाचा राहिला. या पद्धतीला सेल्प म्हणतात.

अडचण एकच. क्रे-1 हा त्या काळचा महासंगणक एक सेकंदाचं बोलणं या रीतीने बांधायला 125 सेकंद घेत होता. म्हणजे 'जेवलास का?' विचारायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. हसणारे हसले असतील. पण कॅनडातल्या शेरब्रुकच्या मंडळींनी पोथीची रचना अशी काही हुशारीने बदलली, की शोध झटपट होऊ लागला. चिपाही वेगवान झाल्या. सेल्पची ही सुधारलेली पिढी पुढे जगभरच्या मोबाइल फोनांत शिरली.

आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. कोलकात्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ऐकलं. तो जीएसएम फोन होता. त्या पहिल्या पिढीच्या जीएसएममध्ये आवाजाला सेकंदाला 13,000 बिट मिळत, आणि ते वाटून द्यायचं काम रेषीय भाकीतच करायचं. कानपूरच्या मुलाचं गणित तीसेक वर्षांनी असं घरी परतलं. बातमीत त्याचं नाव शोधलंत तर सापडेल असं नाही.

"पण आजोबा, आवाज चांगला आला हे ठरवतं कोण?"

हा प्रश्न तू विचारलास म्हणून तुला आधी कैरीची फोड. माणसंच ठरवतात. शांत खोलीत माणसं बसवतात, त्यांना छोटी छोटी वाक्यं ऐकवतात, काही चांगली, काही मुद्दाम बिघडवलेली. प्रत्येकाने गुण द्यायचे, एक ते पाच. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. सगळ्यांची सरासरी काढायची. तिला म्हणतात एम.ओ.एस., म्हणजे लोकांच्या मताची सरासरी. ऐकायला बालवाडीतलं वाटतं, पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आजही यालाच प्रमाण मानतो. माणसं बसवणं खर्चाचं आणि वेळखाऊ, म्हणून 2001 साली पेस्क नावाचं एक मापन प्रमाण म्हणून आलं, आणि त्याच्या जागी 2011 साली पोल्का. मूळ आवाज आणि तारेतून आलेला आवाज दोन्ही घ्यायचे, कान ज्या रीतीने ऐकतो त्या रीतीने दोघांची तुलना करायची, आणि माणसाने किती गुण दिले असते याचा अंदाज सांगायचा. लक्षात आलं का? यंत्र स्वतःचं मत देत नाही. माणसाच्या मताचं भाकीत करतं.

गुण कमी पडायला आणखी एक कारण असायचं. जुन्या तारेत सेकंदाला 300 ते 3400 कंपनांच्या पलीकडचं सगळं कापून टाकत. 'स', 'श' यांचा बराचसा जीव त्याच्या वर असतो, आणि व्यंजनांचे बारीक कंगोरेही. म्हणून फोनवर नंबर देताना 'सात की साठ?' असं चालायचं. आणि 'चांगला'तला दंत्य 'च' पार बोथट व्हायचा. आताच्या फोर-जी फोनांवर 7000 कंपनांपर्यंत वाट मोकळी असते, म्हणून माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो. त्याही वाटेवर सेल्पचीच पिढी काम करते.

अटल 2002 साली निवृत्त झाले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने 2003 मध्ये त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक दिलं. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी त्यांचा संबंध राहिला.

आता तुमच्याकडे एक काम. व्हिडिओ कॉल संपला, की पडद्यावर पाच तारे येतात, 'आवाज कसा होता?' तुम्ही न बघता पाचवर बोट मारता, किंवा फुली मारून मोकळे होता. त्या खोलीत बसवलेल्या माणसांच्या एक ते पाच गुणांचेच हे तारे वंशज आहेत. तेव्हा पुढच्या वेळी क्षणभर आठवा, आजीचा 'च' नीट आला का, 'साठ' साठच ऐकू आलं का. तुटत होता तर दोन द्या, चांगला होता तर पाच द्या. पण ऐकून द्या.